एका फ्रेंच खुनाची मराठी कबुली

अमेरिकेहून परत आलं की आधी विमानाचं वर्णन करायची रीत आहे. ते मी गाळते. झोप लागली नाही, पाय सुजले आणि शेजारच्या गृहस्थांनी माझं लिंबाचं लोणचं मागून मागून संपवलं, एवढं पुरे. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे अमेरिकेत होते. नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्कचे मनोरे बसच्या काचेतून लांबून दिसले तेवढेच. मी गेले होते फ्रेंच गुन्हेगारी कथांवर बोलायला आणि ऐकायला. पुण्याहून उठून अमेरिकेला जायचं आणि तिथे फ्रान्सविषयी बोलायचं, हे लोकांना चमत्कारिक वाटतं. मला विचाराल तर माझ्या आयुष्यात सरळ वाटेने असं काही झालेलंच नाही.

माझी आई संगमनेरला बिड्या वळायची. वडील त्याच कारखान्यात पानांची पोती उचलायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुण्यात कॉलेजात जर्मनचा वर्ग भरला होता आणि फ्रेंचच्या वर्गात एक जागा होती, म्हणून फ्रेंच. त्या जागेवर जाऊन बसले आणि पुढे त्याच कॉलेजात तीच भाषा शिकवायला लागले. हे मिरवायला सांगत नाही. म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते. स्वतः मिळवलंय, त्यात लाज कसली? कुणाचं फुकटचं काही घेतलं नाही, असं मी गेली पंधरा वर्षं मान वर करून सांगत आले. त्यात एक गोष्ट खोटी होती. ती सांगायची आहे म्हणूनच हे प्रवासवर्णन लिहायला घेतलं, नाहीतर अमेरिकेवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मी अकरा रहस्यकथा लिहिल्या. लायब्ररीतून पुस्तकं नेणाऱ्यांना माझं नाव माहीत असेल. पहिली आणि सगळ्यांत जास्त वाचली गेलेली म्हणजे 'छाट'. बिडी कामगार बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात, संध्याकाळी कारखान्यात नेऊन देतात आणि तिथला मुनीम त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो. बाजूला काढलेल्या त्या बिड्या म्हणजे छाट. बाईला त्याचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. त्या कारखान्यातच राहतात. माझ्या कादंबरीत असल्या एका मुनीमाचा खून होतो आणि संशय सुभद्रा नावाच्या बिडीवालीवर येतो.

लोक म्हणाले, काय अस्सल लिहिलंय, आईच्या घरातलं लिहिलंय. मी मान डोलावली. खरी गोष्ट अशी, की ती कादंबरी ओदेत ब्रेसाक नावाच्या एका फ्रेंच बाईंची होती. त्यांच्या पुस्तकात दक्षिण फ्रान्समधलं हातमोजे शिवणाऱ्या बायकांचं गाव होतं आणि त्यांचे मोजे नाकारून ठेवून घेणारा कारकून होता. सत्ताविसाव्या वर्षी पुण्याच्या एका वाचनालयात उभ्या उभ्या त्याची तीस पानं वाचली आणि मला घाम फुटला. हे आमच्या घरातलं हिला कुणी सांगितलं? मी मोज्यांच्या बिड्या केल्या, फ्रान्सचं संगमनेर केलं आणि आमचे प्रकाशक बापूसाहेब यांच्याकडे वही नेऊन दिली. तेव्हा सगळे असंच करत. परदेशी पुस्तक घ्यायचं, नावं बदलायची, पॅरिसचा रस्ता लक्ष्मी रोडला आणून सोडायचा. फार प्रामाणिक असेल तो 'कल्पना परकीय' असं आत बारीक अक्षरात घालायचा. बापूसाहेब म्हणाले, "वाचकाला काय करायचंय मूळ कुठलं ते?" आणि मी ते दोन शब्दही घातले नाहीत.

स्टेट कॉलेज

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांच्या मधोमध हे गाव आहे. गाव म्हणजे विद्यापीठच. उन्हाळ्यात निम्मी पोरं घरी गेलेली, रस्ते रिकामे, झाडं मात्र इतकी हिरवी की डोळे दुखावेत. पहिल्याच दिवशी मी कॅम्पसच्या बसमध्ये बसले आणि माझा स्टॉप आला की उठायचं असं ठरवून खिडकीबाहेर पाहत राहिले. बस गोल फिरते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेच तळं तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मीही अशा रुबाबात बसले की जणू मला तळंच पाहायचं होतं.

चर्चासत्राला आम्ही चौदा जण होतो. सकाळी कादंबऱ्या, दुपारी चित्रपट. आमचे प्रोफेसर वाइली उंच, हडकुळे, पायात चपला आणि शर्टावर खडूची पावडर. ते पहिल्या दिवशी म्हणाले, की फ्रान्समध्ये या कथांना प्रेमाने 'पोलार' म्हणतात आणि त्यातला पोलीस भिंगातून ठसे शोधत बसत नाही. तो संशयिताच्या गावी जातो, त्याच्या खुर्चीत बसतो, त्याच्या खानावळीत जेवतो. खून कुणी केला हे त्याला अर्ध्या वाटेतच कळलेलं असतं. असल्या माणसाच्या हातून हे कसं झालं, ते त्याला पाहायचं असतं.

मला हे नवीन नव्हतं, तरी चौदा माणसांत बसून ऐकताना वेगळं वाटलं. आपल्याकडे रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणात सगळे दिवाणखान्यात जमतात, हुशार माणूस एकेकाकडे बोट दाखवतो आणि खुनी पळायला लागतो. वाचक पुस्तक मिटतो, कपाळावरचा घाम पुसतो, झोपायला जातो. फ्रेंच लोक तुम्हाला झोपू देत नाहीत. त्यातून त्यांच्याकडे एक पद्धत अशी, की मोठ्या गुन्ह्याचा तपास न्यायाधीश करतो. म्हणजे कोर्टात उंचावर बसणारा नव्हे. हा स्वतः कागद घेऊन लोकांच्या स्वयंपाकघरात जातो, प्रश्न विचारतो आणि खटला उभा करायचा की फाइल बंद करायची ते ठरवतो. एकाच माणसाच्या हातात तपास आणि दया दोन्ही.

दुपारच्या चित्रपटांत एक अजून डोळ्यांपुढे आहे. एक पोलीस अधिकारी गुन्हेगाराच्या आईच्या घरी येतो. ती मटार सोलत असते. तो समोर बसतो आणि तोही सोलायला लागतो. कुणी बोलत नाही. प्रोजेक्टरची घरघर तेवढी ऐकू येते. माझ्या मागचा एक अमेरिकन मुलगा कुजबुजला, "सुरू कधी होणार हे?" सगळे हसले. मला हसू आलं नाही, बसवेना. आता तो काहीतरी विचारेल, आता ती रडेल, असं वाटत मी खुर्चीत या अंगावरून त्या अंगावर होत राहिले. शेंगा संपतात. म्हातारी उठून हात धुते आणि म्हणते, "तो वरच्या खोलीत आहे."

मी बाहेर आले आणि हिरवळीवर उगाच चालत राहिले.

जेवायला मी वैशालीकडे जायचे. वैशाली नागपूरची, संख्याशास्त्रात पीएचडी करणारी, दोन मुलींबरोबर अपार्टमेंट शेअर करायची. गावात देशी दुकान नव्हतं. महिन्यातून एकदा कुणीतरी पिट्सबर्गला ड्राइव्ह करून जायचं आणि सगळ्यांसाठी तूरडाळ, हिंग, मोहरी आणायचं. हिंगाची डबी तीन पिशव्यांत गुंडाळून खिडकीबाहेर ठेवलेली, कारण शेजारच्याने वासाची कंप्लेंट केली होती.

"बाई, तुम्ही जेवून नाही राहिल्या," वैशाली एकदा म्हणाली. "भाजी बिघडली का?"

"भाजी चांगली आहे गं."

"मग काहून असे भाताचे डोंगर करून राहिल्या चमच्यानं? घरची आठवण येते का?"

"घरची नाही. उद्या माझं भाषण आहे."

"त्यात काय यार! वर्गात तर तुम्ही रोजच बोलता."

भाषणाची भीती नव्हती. त्या दिवशी बापूसाहेबांचं पत्र आलं होतं. 'छाट'ची पाचवी आवृत्ती दिवाळीआधी काढायची होती, नवीन कव्हर तयार होतं, मी कळवलं की छपाई सुरू. पत्र मी पर्समध्ये ठेवलं, मग पुस्तकात, मग उशीखाली, मग परत पर्समध्ये.

भाषण चांगलं झालं. मराठी रहस्यकथेवर मी पाऊण तास बोलले. रूपांतराची पद्धत सांगितली, सेन नदीची मुळा-मुठा कशी होते ते सांगितलं. लोक पोट धरून हसले. मग प्रोफेसर वाइलींनी अगदी सहज विचारलं, "आणि तुमची स्वतःची पुस्तकं? त्यांतली रूपांतरं किती?"

"एकही नाही," मी म्हणाले. "माझी आहेत ती माझीच आहेत."

तोंडाला तोंड देणारी म्हणून माझी ख्याती. त्या दिवशी चौदा परक्या माणसांसमोर मी सरळ खोटं बोलले आणि पाणी प्यायले.

चहाच्या वेळी वाइली जवळ आले. म्हणाले, "तुमच्या अर्जात आवडत्या लेखिका म्हणून ओदेत ब्रेसाक यांचं नाव होतं. त्यांना आता फ्रान्समध्येही कुणी वाचत नाही. त्या इथेच असतात, माहीत आहे? सिॲटलजवळ, बॉथेल गावात, मुलीकडे." आणि त्यांनी एका कार्डावर पत्ता लिहून दिला. मी ते कार्ड हातात घेतलं आणि कप बशीत न ठेवता बशीच्या कडेवर टेकवला. चहा टेबलभर झाला.

त्या संध्याकाळी मी मादाम ब्रेसाक यांना फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं. तुमच्या पुस्तकाबद्दल समोर बसून काही सांगायचं आहे, एवढंच. ठरवलं होतं, की त्यांची परवानगी मागायची आणि पाचव्या आवृत्तीवर त्यांचं नाव घालायचं. त्या कोर्टात खेचतील, पुस्तक मागे घ्यायला लावतील, पुण्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे सगळं डोक्यात फिरत होतं. उत्तर दहा दिवसांनी आलं. तीन ओळी: 'या. दुपारी. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे बसा.'

वैशाली पत्र पाहून ओरडलीच. "बॉथेल? अहो, माझे काका-काकू तिथंच राहतात! काका विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. मी आत्ताच फोन करते."

बॉथेल

देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेले, तरी विमानतळावर न्यायला मराठी माणूस आला. काका अबोल. पहिल्या दहा मैलांत फक्त "सीटबेल्ट" एवढंच बोलले. काकू वयाने माझ्याएवढ्याच, पण वैशाली म्हणते म्हणून मीही काकूच म्हणायला लागले. बॉथेलला नदी आहे, तिच्या काठाने ओल्या मातीची वाट आहे आणि ऑगस्टमध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंना काळ्याभोर ब्लॅकबेरींची काटेरी झुडपं. कुणाच्या मालकीची नाहीत, कुणीही तोडावीत. काकू त्यांचा मुरंबा करतात, वेलची घालून. आमच्याकडे करवंदं अशीच असतात, म्हटल्यावर म्हणाल्या, "पण करवंदाला चीक असतो हो. या मेल्या नुसत्या गोड."

घरात त्यांची सोळा वर्षांची मुलगी मीरा. आईने मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं.

"मीरा, मावशींना विचार, अजून पोळी हवी का?"

"शी हॅज टू ऑलरेडी, आई!"

आणि दिवाणखान्यातल्या कपाटात, काचेच्या हत्तीशेजारी, माझं 'छाट'. दुसरी आवृत्ती, पाठीला चिकटपट्टी लावलेली. काकूंनी ते लहानग्या मीराला घेऊन अमेरिकेला येताना बॅगेत आणलं होतं.

"किती वेळा वाचलं असेल," त्या म्हणाल्या. "तो शेवट! कारखान्याच्या अंगणात इन्स्पेक्टर सगळ्या बायकांना उभं करतो आणि सगळ्यांना वाटतं की आता सुभद्रेला पकडणार. आणि बोट दाखवतो मालकाच्या पुतण्याकडे! मी खरंच टाळी वाजवली होती. सासूबाई म्हणाल्या, वेड लागलं का हिला."

मी मुरंबा खात होते. "हं," म्हणाले.

"तुम्हाला सुचतं तरी कसं हो?"

मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी काकूच मला घेऊन निघाल्या. कार चालवायला त्या नुकत्याच शिकलेल्या. "फ्रीवे मी घेत नाही. तिथे लोकांना मरायची घाई असते." त्यामुळे पंधरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला, दोनदा एकाच चर्चवरून गेलो आणि एकदा कुणाच्या तरी अंगणात शिरून मागे आलो. मी उगाच पर्सची चेन उघडत होते, लावत होते.

"ताई, एवढं काय आहे? लेखिका तर आहेत," काकू म्हणाल्या. "मी पण येते आत. चिवडा आणलाय त्यांना."

मादाम ब्रेसाक

लहानशी बाई. पुरुषाचा असावा असा मोठा राखी स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. वय ऐंशीच्या आसपास. मुलगी कामावर गेली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, मी उजवीकडे. त्यांनी आम्हाला कॉफी वाडग्यातून दिली. काकूंना वाटलं सूप आहे, त्यांनी चमचा मागितला. मादामनी चिवड्याचा डबा उघडला, कढीपत्त्याचं एक पान उजेडात धरून पाहिलं आणि चमच्याने चिवडा खायला लागल्या.

बोलणं फ्रेंचमध्ये. काकू दोघींच्या तोंडाकडे पाहत बसल्या होत्या.

मी घोकून आलेलं सगळं विसरले. म्हणाले, "मादाम, मी तुमचं पुस्तक चोरलं आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "कुठलं?"

"मोज्यांचं."

"ते?" त्या हसल्या. "ते फुकट ठेवलं असतं तरी कुणी उचललं नसतं."

मी पर्समधून 'छाट' काढून दिलं. त्यांनी ते हातावर तोललं, उघडून अक्षरांवरून बोट फिरवलं. "माझं गाव कुठे आहे यात?" मी सांगत गेले. मोज्यांच्या जागी बिड्या, सुईच्या जागी कात्री, कारकुनाच्या जागी मुनीम. छाट म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा त्या पुढे वाकल्या.

"तुमच्याकडेही ठेवून घेतात?"

"घेतात. आणि विकतात."

"आमच्याकडेही विकायचे. माझी मावशी शिवायची. तिच्या नाकारलेल्या मोज्यांची जोडी तिने मालकाच्या बायकोच्या हातात पाहिली होती. रविवारी, चर्चमध्ये." मग विचारलं, "तुझ्या घरात कोण होतं?"

"आई."

"मग ते चोरलेलं नाही. अर्धं तरी नाही. बरं, पुढे सांग. शेवटी न्यायाधीश काय करतो?"

त्यांच्या पुस्तकात तपासाचा न्यायाधीश मोजे शिवणाऱ्या बाईच्या घरी जातो. तिनेच कारकुनाला मारलेलं असतं, हे त्याला कळतं. ती शिवत असते, तो पाहत बसतो. मग उठून जातो आणि फाइलवर लिहितो, की कारकून जिन्यावरून पडला. संपलं पुस्तक.

"आमच्याकडे तपास पोलीस करतात," मी म्हणाले. "म्हणून मी इन्स्पेक्टर केला."

"ठीक. तो काय करतो?"

"सगळ्यांना अंगणात जमवतो. आणि मालकाच्या पुतण्याला पकडतो."

"माझ्या पुस्तकात पुतण्या नाही."

"मी घातला."

"का?"

का? बापूसाहेब म्हणाले होते, बिडीवाली बाई खून करते आणि वर सुटते, असलं पुस्तक एक लायब्ररी घेणार नाही. मी सत्तावीस वर्षांची होते, मला छापलेलं पुस्तक हातात हवं होतं. मी तसं सांगितलं. सांगताना ते फार थोडं वाटलं.

मादामनी वाडग्यातली उरलेली कॉफी संपवली. काकूंनी हळूच विचारलं, "रागावल्या का?" मी मान हलवली.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तू माझं गाव घेतलंस, मोजे घेतलेस, कारकून घेतलास. घे. तुझ्याकडे ते बहुतेक जास्त शोभलं असेल. पण त्या बाईकडून तिचा खून का काढून घेतलास? तेवढंच तर तिचं होतं."

कुणी काही म्हणालं की लगेच उलट बोलणारी मी, टेबलावरचा चिवड्याचा एक दाणा बोटाने इकडून तिकडे सरकवत बसले.

"तुझ्या आईने वाचलं?"

"तिला वाचता येत नाही."

"वाचून दाखवलंस?"

"नाही."

"का?"

"शेवट खोटा आहे ते तिला कळलं असतं," मी म्हणाले.

त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. "परवानगी मागायलाच आलीस ना? दोन परवानग्या देते, कुठलीही घे. पुतण्या ठेवायचा असेल तर ठेव. मग माझं नाव नको, ते पुस्तक तुझं. मी कुणाकडे तक्रार करणार नाही, आणि मी आता फार दिवस असणारही नाही. पण माझं नाव घालायचं असेल तर तिचा गुन्हा तिला परत दे."

यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो.

परत येताना काकूंनी चर्चपर्यंत दम धरला. मग म्हणाल्या, "सांगा आता." मी सगळं सांगितलं. पुस्तक माझं नाही, हेही. काकूंनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. ब्लॅकबेरीच्या फांद्या काचेला घासत होत्या.

"म्हणजे खून सुभद्रेने केला?"

"हो."

"पुतण्याने नाही?"

"नाही. पुतण्या मी नंतर घातला."

काकू स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत राहिल्या. मला वाटलं, आता या माझ्यावर चिडणार, आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं.

"मला तेव्हाच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "ती कात्री धुते ना विहिरीवर, त्या पानावर मी थांबले होते. दोनदा वाचलं होतं. पण मग शेवटी तुम्ही म्हणालात पुतण्या. म्हटलं, लिहिणारीला माहीत असणार. आपल्याला काय कळतं?"

त्यांनी गाडी सुरू केली. मी खिडकीबाहेर पाहिलं, मग पायांकडे, मग परत खिडकीबाहेर. पाचव्या आवृत्तीचं काय करायचं ते त्या काकूंच्या वाक्याने ठरलं, मादामच्या नव्हे. इतकी वर्षं माझ्या भरवशावर काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानलं होतं.

फोन

बॉथेलला सकाळ होती तेव्हा पुण्यात संध्याकाळ. काकांनी नंबर लावून दिला आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर गेले. आवाज समुद्राखालून आल्यासारखा येत होता.

"बापूसाहेब, 'छाट' छापू नका."

"अहो, तुमचं उत्तर येईना म्हणून छपाईचे फॉर्म मशीनवर चढवलेसुद्धा!"

"उतरवा. शेवट बदलायचा आहे. आणि कव्हरवर मूळ लेखिकेचं नाव घालायचं आहे." मी शेवट सांगितला.

"बाई, अमेरिकेचं पाणी बाधलं का तुम्हाला? खून करून बाई घरी जाऊन बिड्या वळत बसली, तर लोक पुस्तक माझ्या अंगावर फेकतील."

"फेकू देत."

"आणि मूळ लेखिका? मग इतकी वर्षं लोकांना काय सांगितलं आपण?"

"खोटं सांगितलं."

"आपण नाही, तुम्ही. माझं नाव आत बारीक अक्षरात असतं." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघा, माणसं विसरलीत. ती बाई तक्रार करत नाही म्हणता. मग कशाला उकरून काढायचं?"

"मला काढायचं आहे."

"मग ते पुस्तक माझ्याकडून संपलं," बापूसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. पंधरा वर्षांत त्यांनी माझ्याआधी फोन ठेवला तो पहिल्यांदाच.

पुढचे तीन दिवस काकूंच्या जेवणाच्या टेबलावर मी शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं. काकू येता-जाता वाचायच्या. मीरा एकदा खांद्यावरून डोकावून म्हणाली, "सो शी गेट्स अवे विथ इट?" मी हो म्हटलं. "कूल," म्हणाली आणि फ्रिज उघडायला गेली. प्रकरणाचं फ्रेंच करून मी मादामना पोस्टाने पाठवलं. त्यांचं उत्तर पुण्याला आल्यावर मिळालं: 'तुझा इन्स्पेक्टर अजून फार बोलतो. त्याला गप्प बसव.' मी बसवला. प्रोफेसर वाइलींनाही लिहिलं, की त्या दिवशी वर्गात मी खोटं बोलले होते. त्यांचं उत्तर आलेलं नाही, यायलाच हवं असंही नाही.

नवीन हस्तलिखित दोन प्रकाशकांकडे जाऊन परत आलं आहे. तिसऱ्याकडे आहे. त्याने घेतलं तर कव्हरवर दोन नावं असतील, वरचं त्यांचं. नाही घेतलं तर नाही. पण जुन्या चार आवृत्त्या गावोगावच्या लायब्रऱ्यांत आहेत आणि त्या मला परत बोलावता येत नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या हाती 'छाट' आलं तर पहिल्या पानावर, माझ्या नावाच्या वर, पेनाने लिहा: मूळ लेखिका, ओदेत ब्रेसाक. लायब्ररीवाला रागावला तर माझं नाव सांगा. आणि शेवटचं प्रकरण वाचू नका. पुतण्याने काही केलेलं नाही. मुनीमाला सुभद्रेने मारलं, तिच्या स्वतःच्या कात्रीने, आणि तिला कुणी पकडलं नाही.